आधी निळी रेघ

फ्रेंचग्लेनच्या जुन्या हॉटेलात रात्रीचे जेवण सगळ्या पाहुण्यांनी एकाच लांब टेबलाशी बसून, वाडगी एकमेकांकडे सरकवत करायचे असते. आग्नेय ओरेगनच्या त्या उंच, कोरड्या मुलखात जेवणाची दुसरी सोय शोधायला बरेच लांब जावे लागते, त्यामुळे पक्षी पाहायला आलेले निवृत्त शिक्षक, रस्त्यावरचे कामगार आणि गुरे राखणारी माणसे तिथे खांद्याला खांदा लावून बसतात. त्या रात्री माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. घराण्यात चार पिढ्यांची गुरे, चौकड्यांचा सदरा, उन्हाने रापलेले मनगट. मी जेवणाआधी पाहत असलेले त्या भागाचे एक जुने टोपोशीट, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारे नकाशाचे पत्रक, टेबलाच्या कडेला अजून तसेच उघडे होते. त्यांनी चष्मा सारखा करून ते पाहिले, तेव्हा मी सहज विचारले, “तुमचा रँच यात कुठे येतो?” पत्रकावर त्यांच्या घराण्याचे आडनाव स्वच्छ काळ्या अक्षरांत छापलेले होते, शेजारी घर आणि गोठ्याचे चिमुकले चौकोनही होते. त्यांचे बोट मात्र तिकडे गेलेच नाही. ते एका घळीवरून सरकत वर गेले, दोन तपकिरी वळणे ओलांडून एका बारीक निळ्या वर्तुळावर थांबले. तिथे एक झरा होता. “हे आमचे,” त्या म्हणाल्या. मग छापील आडनावाकडे हात हलवून म्हणाल्या, “आणि तिथे आम्ही राहतो.” एवढे बोलून त्यांनी बटाट्यांचे वाडगे माझ्याकडे सरकवले आणि गवताच्या भावाबद्दल पलीकडच्या माणसाशी बोलू लागल्या.

घर सोडून झऱ्यावर बोट ठेवण्याचा तो क्रम माझ्या डोक्यातून गेला नाही. मी नकाशे वाचायला शिकलो ते पुण्यात, कॉलेजच्या भूगोलाच्या प्रयोगशाळेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे टोपोशीट समोर यायचे आणि आम्ही ठरलेल्या मथळ्यांखाली उत्तर लिहायचो: प्रास्ताविक माहिती, भूरचना, जलप्रणाली, वनस्पती, वस्ती, दळणवळण. जलप्रणालीखाली ‘वृक्षाकार’ हा शब्द लिहिला, दोन नद्यांची नावे घातली की गुण मिळत. खरा जीव रमायचा तो वस्तीत आणि रस्त्यांत, कारण नावे तिथे असत, माणसे तिथे असत. पुढे नोकरीमुळे हिल्सबरोला आलो, कॅस्केड पर्वताच्या पावसाळी बाजूला. सुटी मिळेल तेव्हा पूर्वेच्या कोरड्या बाजूला जाऊ लागलो, तरी डोळ्यांची सवय तीच राहिली. मी आधी अक्षरे वाचायचो, मग काळे चौकोन, मग रस्ते, आणि निळ्याकडे शेवटी वळायचो. त्या बाईंनी हा सारा क्रम एका बोटाने उलटा केला होता.

ज्यांना या पत्रकांची सवय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८८४ पासून २००६ पर्यंत छापलेली पावणेदोन लाखांहून अधिक टोपोशीटे आज कोणालाही फुकट उतरवून घेता येतात, आणि एकाच प्रदेशाची वेगवेगळ्या काळातली पत्रके एकावर एक ठेवून पाहता येतात. रंगांचा संकेत सुटसुटीत आहे. माणसाने केलेले ते काळे, उंचसखलपणाच्या समोच्च रेषा तपकिरी, झाडी हिरवी, पाणी निळे, आणि मुख्य रस्ते व सरकारी जमीनमोजणीच्या रेषा लाल. फ्रेंचग्लेन ज्यात येते त्या हार्नी परगण्याची पत्रके उघडली की पहिली गोष्ट जाणवते ती हिरव्याची टंचाई आणि निळ्याची काटकसर. तपकिरी आणि पांढरा यांचाच पसारा. निळ्या रेघा आहेत, पण बहुतेक तुटक: एक छोटी रेघ, तीन टिंबे, पुन्हा रेघ. हंगामी ओढ्याची ही खूण. सलग निळी रेघ म्हणजे बारमाही पाणी, आणि अशा रेघा एका पत्रकावर हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. रेघ सलग काढायची की तुटक, हे ठरवायला जुन्या काळी घोड्यावर फळी आणि दुर्बीण लादून फिरणारा मोजणीदार असे. पुढे विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशे होऊ लागले, तरी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन तपासत असे आणि स्थानिकांना नावे विचारत असे. तो माणूस जूनमध्ये, बर्फ वितळत असताना आला की सप्टेंबरमध्ये, यावर काही रेघांचे भवितव्य ठरले असेल, अशी माझी आपली शंका आहे.

स्टीन्स हा डोंगर म्हणजे या साऱ्या निळ्याचे मूळ.

हा डोंगर टोकदार शिखराचा नाही. जमिनीचा एक लांबलचक तुकडा प्रस्तरभंगावर एका कडेने उचलला गेला आणि कलला, असे त्याचे रूप आहे. पश्चिमेकडून चढताना डोंगर चढतो आहोत हे कळतही नाही, इतका उतार सावकाश. नकाशावर तपकिरी रेषा ऐसपैस पसरलेल्या. मग ९,७३३ फुटांवर माथा येतो आणि पूर्वेला जमीन संपते. मैलभराहून अधिक खोल, खाली ऑल्व्हर्डचे कोरडे मैदान. त्या कड्यावर समोच्च रेषा इतक्या दाटतात की कागदावर तपकिरी पट्टाच होतो, आणि पट्टा संपल्यावर एकदम काही नाही. मैदान इतके सपाट की कित्येक मैल एकही रेषा त्याला ओलांडत नाही. पहिल्यांदा तो कडा प्रत्यक्ष पाहिला तेव्हा मला परक्या मुलखात आल्यासारखे वाटले नाही, कारण दगड ओळखीचा होता. थरावर थर चढलेला काळा बेसाल्ट, मधूनमधून तांबूस पट्टे, पायथ्याशी सुटलेल्या दगडांची रास. स्टीन्सचा लाव्हा सुमारे पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या सह्याद्रीचा त्याच्या जवळजवळ चौपट जुना. पण भेगांतून वाहून पसरण्याची रीत एकच. फरक पडतो तो पाण्याने. सह्याद्रीला अरबी समुद्राचा पाऊस थेट मिळतो. स्टीन्सपर्यंत येणारे ढग आधीच कॅस्केडवर रिकामे झालेले असतात. बर्न्स या परगण्याच्या गावी वर्षाला दहा-अकरा इंच पाऊस, ऑल्व्हर्डमध्ये साताच्या आसपास. माण-खटावच्या माणसालाही हे आकडे कमीच वाटतील.

डोंगरावर हिवाळ्यात साठलेला बर्फ उन्हाळाभर सावकाश उतरतो आणि पश्चिमेच्या बाजूने डॉनर उंड ब्लिट्झेन नदीतून उत्तरेला मॅलर सरोवरात जातो. तिथून पुढे त्याला समुद्राची वाट नाही. पाणी येते, पसरते आणि आटते. म्हणून या नदीचे खोरे हा वाळवंटातला ओल्या कुरणांचा पट्टा आहे, आणि पत्रकावर निळ्या आडव्या खुणांचा तो दलदली पट्टा पांढऱ्यात चटकन डोळ्यांत भरतो. १८७२ मध्ये पीट फ्रेंच नावाचा तरुण कॅलिफोर्नियातून सुमारे बाराशे गुरे आणि मेक्सिकन घोडेस्वार गुराखी घेऊन इथे पोहोचला. भांडवल ह्यू ग्लेन या धनिकाचे होते, आणि दोघांच्या नावांवरून पुढे फ्रेंचग्लेन हे नाव झाले. फ्रेंचच्या हातात या मुलखाचे टोपोशीट नव्हते, पण त्याने जमीन ज्या क्रमाने घेतली तो क्रम पाहिला तर त्याला निळी रेघ वाचता येत होती हे कळते. त्याने आधी नदी धरली, मग तिला मिळणारे ओढे, मग कड्याच्या पायथ्याचे झरे. मधली हजारो एकर कोरडी जमीन विकत घेण्याची गरजच नव्हती. पाणी ज्याच्या कुंपणात, चराई त्याची. दुसऱ्याची गुरे तिथे जगणारच नाहीत.

यात सरकारी कायद्याचाही हात होता. दलदलीची जमीन राज्यांना देण्याचा आणि राज्यांनी ती स्वस्तात विकण्याचा कायदा ओरेगनला लागू झाला, आणि गवताची सुपीक कुरणे ‘दलदल’ म्हणून कागदोपत्री चढू लागली. घोडागाडीवर होडी ठेवून, तीत बसून कुरण ओलांडायचे आणि मग शपथेवर सांगायचे की आम्ही ही जमीन होडीतून पार केली, असा एक किस्सा पश्चिमेत सगळीकडे सांगतात. खरा असो वा नसो, त्या काळच्या व्यवहाराचा वास त्याला बरोबर येतो. फ्रेंचच्या भरभराटीच्या काळातला गोल गोठा डायमंड गावाजवळ अजून उभा आहे. हिवाळ्यात घोडे शिकवण्यासाठी बांधलेला, मधोमध दगडी भिंतीचे कडे, बाहेरून धावपट्टी, आणि छताला जुनिपर या सदाहरित झाडाचे वाकडेतिकडे, साल न काढलेले खांब. आत उन्हाळ्यातही गारवा असतो, आणि शंभर वर्षांत घोडे नसतानाही लाकडाला त्यांचा वास आहे असे मला वाटत राहते. २६ डिसेंबर १८९७ रोजी एड ऑलिव्हर या वसाहतदाराने फ्रेंचला गोळी घालून मारले. भांडण जमिनीचे आणि वाटेचे होते. ज्यूरीने ऑलिव्हरला निर्दोष सोडले, यावरून आसपासच्या लहान शेतकऱ्यांचे मन कोणाकडे होते ते समजावे.

आता लाल रेषांकडे येतो. १७८५ च्या अध्यादेशानुसार सरकारने पश्चिमेची सारी जमीन चौकोनांत मोजली. एक मैल बाजूचा चौकोन म्हणजे एक सेक्शन, ६४० एकर. असे छत्तीस मिळून एक टाउनशिप. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक कुटुंबाला त्या चौकोनाचा चौथा हिस्सा, १६० एकर मिळू लागला. आयोवासारख्या ओलसर प्रदेशात हे गणित जमून गेले. इथे ते कागदावर जितके नेटके दिसते तितकेच जमिनीवर हास्यास्पद ठरले, कारण लाल रेषा डोंगर पाहत नाही, कडा पाहत नाही, झरा कोणाच्या चौकोनात पडला हेही पाहत नाही. भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेलने हे १८७८ मध्येच अहवालात मांडले होते. कोरड्या प्रदेशात चराईवर जगायचे तर एका कुटुंबाला २,५६० एकर लागतील, तुकडे चौकोनी न पाडता प्रत्येकाच्या वाट्याला पाणी येईल अशा बेताने पाडावेत, आणि लोकांनी खोऱ्याप्रमाणे एकत्र येऊन पाण्याची व चराईची व्यवस्था करावी, असे त्याचे म्हणणे होते. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ते मानले नाही. पुढे १८८१ ते १८९४ तो याच सर्वेक्षण संस्थेचा प्रमुख होता. म्हणजे जी पत्रके मी उघडून बसतो त्यांचे काम सुरू करणारा माणूसच त्यांच्यावरच्या लाल जाळीला इथे अर्थ नाही असे सांगत होता. त्याने १८९१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेला कोरड्या प्रदेशाचा नकाशा खोऱ्यांप्रमाणे रंगवलेला आहे; एकही तुकडा चौकोनी नाही. मला तो भिंतीवर लावायला आवडेल, पण घरात आधीच कागद फार झाले आहेत अशी तक्रार असते.

काँग्रेसने चौकोन सोडला नाही, फक्त मोठा केला. १९०९ मध्ये ३२० एकर, १९१६ मध्ये गुरे पाळण्यासाठी ६४०. या दोन वर्षांच्या आगेमागे फ्रेंचग्लेनच्या दक्षिणेला कॅटलो खोऱ्यात माणसे लोटली. चार वर्षे पाऊस बरा झाला की कोरडवाहू गहू-राय पिकेल असे कोणालाही वाटते, आणि जाहिरातदार तर पिकेलच म्हणून सांगत होते. ब्लिट्झेन नावाचे गाव उभे राहिले. दुकान, पोस्ट, शाळा. मग पाऊस नेहमीच्या हिशेबावर आला, सशांनी उरलेसुरले खाल्ले, आणि लोक निघून गेले. टोपोशीटावर हा सगळा इतिहास एका विचित्र गोष्टीत उरतो: रस्त्यांच्या काटकोनांत. मोकळ्या, सपाट मैदानात एक कच्चा रस्ता सरळ रेषेत येतो आणि कारण नसताना नव्वद अंशांत वळतो. वळणाशी काही नाही. ना ओढा, ना टेकडी. तिथे कोणाच्या तरी चौकोनाचा कोपरा होता, एवढेच कारण. चौकोनाचा मालक शंभर वर्षांपूर्वी गेला, तरी पिकअप अजून त्याच्या कोपऱ्याला मान देऊन वळते. याउलट डोंगराच्या कडेचे जुने रस्ते नागमोडी, एका झऱ्यावरून दुसऱ्यावर जाणारे. लाल रेषेने घडवलेली वाट कोणती आणि निळ्याने घडवलेली कोणती, हे कागदावरूनच ओळखता येऊ लागले तेव्हा मला फार आनंद झाला, आणि लगेच थोडे अवघडल्यासारखेही झाले. ज्या काटकोनाचा मला आनंद होत होता तो कोणाच्या तरी मोडलेल्या संसाराचा कोपरा होता.

अशा एका कोपऱ्यावर मी उतरलो आहे. सेजब्रशचा कडवट, कापरासारखा वास, वाऱ्यात सतत बारीक सळसळ, आणि गुडघाभर झुडपांत तीन वाळलेले पॉपलर, एका ओळीत. ओळ हीच माणसाची खूण; या मुलखात झाड आपणहून ओळीत उगवत नाही. पायाशी गंजलेले डबे, चुलीच्या बिडाचा तुकडा, आणि काचेची एक खापरी, फिकट जांभळी. जुन्या काचेत हिरवटपणा घालवायला मँगनीज मिसळत, आणि असली काच वर्षानुवर्षे उन्हात पडली की तिला हा जांभळा रंग चढतो. खापरी उचलून उन्हाकडे धरली, आतला बुडबुडा पाहिला आणि होती तिथे ठेवली. सरकारी जमिनीवरून असे काही नेणे गुन्हा आहे, आणि नसता तरी नेववले नसते. विहीर दिसली नाही. सर्वांत जवळचा झरा पत्रकावर मोजला तेव्हा चार मैलांवर भरला. रोज चार मैल पाणी वाहून आणून त्या घरातल्या बाईने हे पॉपलर जगवले असतील.

मग मी त्या जेवणाच्या टेबलावरच्या बाईंचा झरा शोधला. भू-व्यवस्थापन खात्याचे वेगळे नकाशे असतात. त्यांत खात्याची जमीन पिवळी आणि खासगी जमीन पांढरी दाखवतात. टोपोशीट हा काही सातबारा नव्हे, मालकी त्यावर कळत नाही, म्हणून हे दुसरे पत्रक शेजारी ठेवावे लागते. मैलोन्‌मैल पिवळ्यात तो झरा एका लहान पांढऱ्या चौकोनात बसलेला होता. चाळीस एकर, सेक्शनचा सोळावा हिस्सा, घरापासून पूर्ण तुटलेला. कोणी तरी पूर्वज लाल जाळीच्या नियमात राहून, जाळीतला नेमका एवढाच तुकडा उचलून गेला होता. अशा पांढऱ्या टिकल्या साऱ्या परगण्यात विखुरलेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींच्या पोटात निळे काहीतरी असते. १९३४ च्या टेलर कायद्याने सरकारी कुरणावर चराईचे परवाने सुरू झाले, तेव्हा परवान्यात पहिला हक्क कोणाला, तर ज्याच्याकडे आधारभूत म्हणून स्वतःची जमीन किंवा पाणी आहे त्याला. परवान्याचे शुल्क गाय आणि वासराच्या जोडीला महिन्याला किमान १ डॉलर ३५ सेंट आहे, आणि ते फार कमी की योग्य यावर तिकडे कोणत्याही टेबलावर भांडण पेटवता येते. मी पेटवत नाही. जेवण चांगले असते.

निळा रंग स्थिर असतो असेही समजू नये. मॅलर सरोवराचा काठ १८९० च्या दशकात मोजून कागदावर रेष काढली गेली, आणि सरोवराने ती कधी पाळली नाही. पाणी मागे हटले की रेषेच्या आत नवी, काळी, सुपीक जमीन उघडी पडे आणि ती कोणाची यावर खटले उभे राहत. अखेर १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा दावा फेटाळून ती केंद्राची ठरवली. त्याच्या आदल्या दुष्काळी वर्षांत सरोवर जवळजवळ कोरडे पडले होते. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यात इतके बर्फ झाले की मॅलर, मड आणि हार्नी ही तिन्ही सरोवरे एक झाली, रँच, रस्ते आणि रेल्वेमार्ग पाण्याखाली गेले. म्हणजे एका पत्रकावर दलदल, दुसऱ्यावर मोकळे पाणी, तिसऱ्यावर गवत, आणि तिन्ही खरी. पत्रकाच्या कोपऱ्यात छापलेले साल वाचल्याशिवाय निळ्यावर विश्वास ठेवू नये हे मी इथे शिकलो. त्यातही छपाईचे साल वेगळे, मोजणीचे वेगळे, छायाचित्रांचे वेगळे असते.

आणि जे कोणत्याही रंगात नाही त्याचे काय करायचे? हा मुलूख उत्तरी पायूट लोकांचा. सरोवराकाठच्या वाडा नावाच्या रोपाचे बी खाणारे म्हणून इथल्या गटाला वाडाटिका म्हणतात. १८७२ मध्ये, फ्रेंच गुरे घेऊन आला त्याच वर्षी, त्यांच्यासाठी मॅलर राखीव क्षेत्र जाहीर झाले. बॅनक आणि पायूट लोकांच्या अमेरिकी सैन्याशी झालेल्या १८७८ च्या बॅनक युद्धानंतर, जानेवारी १८७९ मध्ये, पाचशेच्या वर माणसांना बर्फातून चालवत उत्तरेला याकिमापर्यंत नेले गेले. त्यांतले अनेक युद्धात नव्हतेच. १८८३ पर्यंत राखीव क्षेत्र मोडून जमीन वसाहतीला खुली झाली. टोपोशीटांचे काम सुरू झाले १८८४ मध्ये. म्हणून त्या क्षेत्राची सीमा या मालिकेच्या कोणत्याही पत्रकावर शोधली तरी सापडणार नाही. शाई लागायच्या आतच ती पुसली गेली होती. उरले ते एक नाव: एजन्सी व्हॅली. एजन्सी म्हणजे त्या राखीव क्षेत्राचे सरकारी कार्यालय, पण हे पत्रक सांगत नाही. त्या खोऱ्यात १९३५ मध्ये धरण पुरे झाले, आणि आज तिथे ब्यूला जलाशयाचा निळा डाग आहे. मी या मुलखाच्या निळ्याविषयी इतक्या प्रेमाने लिहितो आहे, पण त्या एका डागाशी माझे प्रेम अडखळते. काही पायूट कुटुंबे पुढे परतली आणि बर्न्सजवळ त्यांची वस्ती आहे. त्यांच्या दृष्टीने पाहिले तर लाल जाळी आणि फ्रेंचचे कुंपण यांत फारसा फरक नसावा.

नावांच्या बाबतीत खाती कधी कधी उगाच सोवळी होतात. स्टीन्सवर एका कुरणाचे नाव तिथे उन्हाळ्यात तंबू ठोकून मेंढपाळांकडून पैसे कमावणाऱ्या बायांवरून पडलेले आहे, चांगले उघडे, निर्भीड नाव. १९६० च्या दशकात एका सरकारी नकाशावर ते बदलून ‘खट्याळ मुलींचे कुरण’ अशा अर्थाचे मिळमिळीत नाव छापले गेले. ओरेगनच्या भौगोलिक नावांच्या मंडळाने हरकत घेतली आणि पुढे जुने नाव परत आले. ते मेंढपाळ बरेचसे बास्क होते, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून आलेले, महिनोन्‌महिने एकटे. अ‍ॅस्पेनच्या पांढऱ्या सालीवर त्यांनी चाकूने कोरलेली नावे, साले आणि कधी कधी त्या तंबूंची आठवण करून देणारी चित्रे अजून दिसतात. झाडे वाढली तशी अक्षरे फुगून काळी झाली आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पत्रकांवर चराईची नवी व्यवस्था दिसू लागते. घळींच्या तोंडाशी मातीचे बांध आणि त्यामागे निळे थेंब, पवनचक्कीची खूण, विहीर, तारेच्या कुंपणाची बारीक लाल तुटक रेघ. सुधारित आवृत्त्यांत नव्या गोष्टी जांभळ्या रंगात येतात, कारण त्या केवळ हवाई छायाचित्रांवरून टाकलेल्या असत, जाऊन तपासलेल्या नसत. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. कागदावर जांभळे पाणी वाढले म्हणजे गुरे पूर्वी पोहोचत नव्हती तिथे पोहोचली. त्याची किंमतही आहे. गवत खाऊन संपले की वणवा पसरत नाही, वणवा नाही म्हणजे जुनिपरची रोपटी मरत नाहीत, आणि १८८० नंतर हे झाड उतारांवरून खाली पसरत गेले. जुन्या पत्रकावरचा पांढरा उतार आज प्रत्यक्षात गडद हिरवा असतो. हिरवे वाढले म्हणून बाहेरून आलेला माणूस सुखावतो. तिथला माणूस हताश होतो, कारण एकेक जुनिपर जमिनीतले पाणी ओढून घेतो. आता रँचवाले आणि खाती मिळून तो तोडतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट क्षेत्राचा परगणा आणि माणसे साडेसात हजारांच्या आसपास. एवढ्या मनुष्यबळात किती झाडे तोडणार?

२००९ पासून नवी संगणकीय पत्रके निघतात. दिसायला देखणी, मागे हवाई छायाचित्र लावता येते, पण कुंपणे, पवनचक्क्या, सुटी घरे यांतले बरेच काही त्यांवर नाही. साऱ्या देशाची एकसारखी, कोणीतरी राखलेली नोंद जिची आहे तेवढेच छापायचे, असा त्यामागचा हिशेब आहे आणि कॅटलोतल्या पवनचक्क्यांची अशी यादी कोण ठेवणार? घोड्यावरून किंवा जीपमधून येऊन “या झऱ्याला काय म्हणता?” असे विचारणारा माणूस आता नाही. म्हणून मी जुने पत्रक आणि उपग्रहाचे चित्र एकावर एक ठेवून काम भागवतो. चित्रात पाणवठा ओळखायची खूण गुरांनीच करून ठेवलेली असते. चहूबाजूंनी बारीक, फिकट वाटा एका बिंदूकडे येतात आणि त्या बिंदूभोवतीची जमीन खुरांनी उघडी पडलेली असते. कॅटलोच्या दक्षिण टोकाला जुन्या पत्रकावरची एक पवनचक्की मी अशी पडताळली. वाटा आहेत, पण पुसट, आणि मधल्या उघड्या जागेत सेजब्रश परत आलेले. तिथले पाणी बंद झाले असावे. तिच्या पश्चिमेला, टेकाडाच्या पलीकडे, मात्र वाटांचे दुसरे जाळे आहे, ताजे आणि ठळक, आणि माझ्याजवळच्या कोणत्याही सालच्या पत्रकावर तिथे निळे काहीच नाही. बहुधा एखाद्या झऱ्यावरून नळ टाकून डोण ठेवली असेल. कोणत्या झऱ्यावरून, हे समोच्च रेषांवरून ताडता येते. पाणी आपल्या उताराने आणायचे तर वरच्या बाजूला दोनच जागा शक्य आहेत आणि त्यांतली एक पांढऱ्या चौकोनात येते. जूनमध्ये चिखल वाळून रस्ता सुरू झाला की त्या चौकोनाच्या मालकाला फोन करून परवानगी विचारायची आहे.